विश्लेषण : डिस्नेलँडची जुनी छायाचित्रे आजही का हवीहवीशी वाटतात? वॉल्ट डिस्नी यांच्या आठवणीतल्या गावाशी त्यांचे नाते काय?

फिकट निळे आकाश. घोड्याने ओढलेली ट्राम. इस्त्रीच्या कपड्यांतले वडील, हातमोजे घातलेली आई, कानवाली टोपी घातलेली दोन मुले. मागे गुलाबी-करड्या भिंतींचा एक किल्ला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे असलेल्या डिस्नेलँडची १९५० आणि १९६० च्या दशकांतली अशी छायाचित्रे आजही आवडीने शोधली जातात. जुन्या घरांच्या सामानातून निघालेले स्लाइडचे डबे संग्राहक विकत घेतात, त्या स्लाइड स्कॅन करतात आणि इतरांना दाखवतात. पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. न पाहिलेल्या दिवसांची ही ओढ कुठून येते? तिचे उत्तर बरेचसे डिस्नेलँड उभारणाऱ्या वॉल्ट डिस्नी यांच्या आयुष्यात सापडते. कारण हे उद्यान मुळात एका हरवलेल्या गावाची आठवण म्हणूनच उभे राहिले होते.

या छायाचित्रांत असे काय दिसते?

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. ते आजही त्याच जागी आहे आणि तिथे आजही गर्दी असते. पण जुन्या छायाचित्रांतले बरेच काही आता तिथे नाही. डोक्यावरून तारेने जाणारे ‘स्कायवे’चे पाळणे १९५६ मध्ये आले आणि १९९४ मध्ये बंद झाले. मॉन्सँटो कंपनीने उभारलेले प्लास्टिकचे ‘भविष्यातले घर’ १९५७ ते १९६७ अशी दहाच वर्षे टिकले. चाच्यांच्या जहाजाच्या आकाराचे उपाहारगृह १९८२ मध्ये गेले. खेचरांवरची रपेट १९७३ मध्ये थांबली. ‘ए’पासून ‘ई’पर्यंतच्या कूपनांची तिकीटवही १९८२ मध्ये इतिहासजमा झाली.

म्हणजे एखाद्या जुन्या स्लाइडमध्ये कोणाचे तरी आई-वडील दिसतात, त्याच वेळी आता कुठेही न उरलेली एक जागाही दिसते. घरचा अल्बम आणि पाडून टाकलेल्या वाड्याचा फोटो एकाच चौकटीत पाहावा, तसा हा अनुभव असतो.

ज्या गावावरून हे सुरू झाले, ते गाव कोणते?

वॉल्टर एलायस डिस्नी यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. पाच भावंडांत ते चौथे. वडील एलायस सुतारकाम आणि बांधकाम करत. शिकागोत १८९३ मध्ये भरलेल्या प्रचंड जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत त्यांनी सुतार म्हणून काम केले होते. १९०६ मध्ये हे कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलीन या छोट्या गावाजवळ ४५ एकरांच्या शेतावर राहायला गेले. तेव्हा वॉल्ट चार वर्षांचा होता.

मार्सलीन हे सांता फे रेल्वेमार्गावरचे गाव. गावाच्या मुख्य रस्त्यावर दुकाने होती, स्टेशन होते. वॉल्टचे एक काका रेल्वे इंजिनचालक होते. शेतावर सफरचंदाची झाडे, डुकरे, कोंबड्या, एक कोठार. बहीण रूथला बरोबर घेऊन वॉल्टने घराच्या पांढऱ्या भिंतीवर डांबराने चित्रे काढली. शेजारच्या निवृत्त डॉक्टरांनी त्याच्याकडून आपल्या घोड्याचे चित्र काढून घेतले आणि त्याचे पैसेही दिले. चित्र काढून मिळालेली त्याची ही पहिली कमाई मानली जाते.

हे सारे जेमतेम चार-पाच वर्षे टिकले. मोठे दोन भाऊ वडिलांच्या कडक शिस्तीला कंटाळून घर सोडून गेले. वडील आजारी पडले आणि शेत विकावे लागले. पुढे ६५ वर्षांचे आयुष्य जगलेल्या डिस्नी यांच्या मनात मात्र बालपण म्हटले की ही चार-पाच वर्षेच उभी राहत.

आठवणीतून वगळले काय गेले?

मार्सलीननंतर हे कुटुंब कॅन्सस सिटीला आले. वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचा व्यवसाय घेतला आणि वॉल्ट व त्याचा भाऊ रॉय यांना कामाला लावले. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पहाटे साडेतीनला उठे आणि बर्फ असो वा पाऊस, घरोघरी अंक टाकत फिरे. शाळा सुटली की संध्याकाळचा अंक. वडील या कामाचे पैसे मुलांना देत नसत. हे सहा वर्षे चालले. एखाद्या घरी अंक टाकायचा राहिला, अशी स्वप्ने डिस्नी यांना मोठेपणीही पडत.

याच शहरात त्यांच्या घरापासून जवळ ‘इलेक्ट्रिक पार्क’ नावाचे करमणुकीचे उद्यान होते. रात्री ते हजारो दिव्यांनी उजळे. तिथे आगगाडी होती, आतषबाजी होत असे. १९२५ मध्ये हे उद्यान आगीत गेले. डिस्नेलँडच्या आराखड्यात गाव, आगगाडी, दिवे आणि आतषबाजी हे सगळे आले. पहाटेचे साडेतीन मात्र आले नाहीत. डिस्नेलँडच्या जुन्या छायाचित्रांकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवे. तिथले गाव म्हणजे १९०६ चे खरे मार्सलीन नव्हे. एका मुलाने आपल्या आठवणींतून निवडून ठेवलेले ते मार्सलीन आहे.

यश येण्याआधी डिस्नी यांनी काय गमावले?

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस डिस्नी यांनी आपले वय वाढवून सांगितले आणि रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात शिरकाव केला. ते फ्रान्सला पोहोचले तेव्हा युद्ध संपले होते. परत आल्यावर कॅन्सस सिटीत जाहिरातीची चित्रे काढताना त्यांची गाठ अब आयवर्क्स या कुशल चित्रकाराशी पडली. १९२२ मध्ये डिस्नी यांनी ‘लाफ-ओ-ग्रॅम फिल्म्स’ ही कंपनी काढली. ती वर्षभरातच दिवाळखोरीत गेली. १९२३ मध्ये ते हॉलीवूडला गेले आणि भाऊ रॉय यांच्यासह १६ ऑक्टोबर रोजी स्टुडिओ सुरू केला.

‘ऑस्वाल्ड’ नावाचा ससा हे त्यांचे पहिले मोठे यश. १९२८ मध्ये वाढीव मोबदला मागायला ते न्यू यॉर्कला गेले. तिथे त्यांना कळले की सशाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे आहेत आणि वितरकाने आपले बहुतेक चित्रकारही फोडले आहेत. सोबत राहिलेल्या मोजक्या माणसांत आयवर्क्स होते. त्या दोघांनी मिळून मिकी माउस घडवला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ हा बोलपट न्यू यॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये झळकला आणि चित्र पालटले.

या फसवणुकीतून डिस्नी यांनी एक धडा घेतला. आपण निर्माण केलेली गोष्ट दुसऱ्याच्या मालकीत राहू द्यायची नाही. पुढे डिस्नेलँडच्या बाबतीतही हा हट्ट कायम राहिला.

चित्रपटांत एवढे नाव झाल्यावर उद्यान कशासाठी?

डिसेंबर १९३७ मध्ये आलेल्या ‘स्नो व्हाइट’ या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाने स्टुडिओला भरभरून पैसा दिला. त्यातून बरबँक येथे नवा स्टुडिओ बांधला गेला. पण त्यानंतरची वर्षे कठीण गेली. मुलांनी आई-वडिलांना लॉस एंजेलिसमध्ये घर घेऊन दिले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्या घरातल्या भट्टीतून विषारी वायू पसरला आणि आई फ्लोरा गुदमरून गेल्या. हे दुःख डिस्नी यांनी फारसे बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली. ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ यांचा खर्च तेव्हा निघाला नाही. मे १९४१ मध्ये स्टुडिओतले चित्रकार पगार आणि युनियनच्या मागणीसाठी संपावर गेले. आपला स्टुडिओ म्हणजे एक कुटुंब, अशी डिस्नी यांची समजूत होती. फाटकाबाहेर फलक घेऊन उभे असलेले आपलेच चित्रकार पाहून ती मोडली. मनातली अढी गेली नाही. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी या संपामागे कम्युनिस्टांचा हात असल्याची साक्ष दिली.

याच सुमारास त्यांचे मन आगगाड्यांकडे वळले. १९४८ मध्ये चित्रकार वॉर्ड किंबल यांच्यासह ते शिकागोच्या रेल्वे प्रदर्शनाला गेले. परतीच्या वाटेवर त्यांनी हेन्री फोर्ड यांनी जुन्या इमारती गोळा करून वसवलेले ग्रीनफिल्ड व्हिलेज पाहिले. परत येताच ऑगस्टअखेरीस त्यांनी एक टिपण लिहिले. त्यात एका उद्यानाची कल्पना होती. मध्ये हिरवळ, बाके, एका टोकाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकाला नगरभवन, बाजूला अग्निशमन केंद्र आणि छोटी दुकाने. ते एका छोट्या गावाचे वर्णन होते.

१९५० पर्यंत त्यांनी स्वतःच्या घराभोवती रूळ टाकून आठपट लहान वाफेची गाडी सुरू केली. इंजिनाला पत्नी लिलियन यांच्यावरून ‘लिली बेल’ असे नाव दिले. लिलियन यांच्या फुलझाडांना धक्का लागू नये म्हणून रूळ तिथे बोगद्यातून नेले. अंगणात कार्यशाळा बांधली तीही मार्सलीनच्या शेतावरच्या कोठारासारखी. ती आता लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जपून ठेवली आहे.

याच ग्रिफिथ पार्कशी आणखी एक आठवण जोडलेली आहे. सुटीच्या दिवशी डिस्नी आपल्या दोन मुलींना, डायन आणि शॅरन यांना, तिथल्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर घेऊन जात. मुली घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून वाट पाहत. आई-वडील आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा प्रश्न त्यांना त्या बाकावर पडला, असे ते पुढे सांगत.

पैसा कुठून आला?

स्टुडिओशेजारी उद्यान बांधण्याच्या कल्पनेला बरबँकच्या नगर परिषदेने १९५२ मध्ये नकार दिला. त्या काळी करमणुकीचे मेळे म्हणजे कचरा, दारू आणि फसवे खेळ अशी प्रतिमा होती. रॉय डिस्नी यांनाही खर्चाची धास्ती होती. डिस्नी यांनी मग आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि पाम स्प्रिंग्जचे सुटीतले घर विकले. डिसेंबर १९५२ मध्ये त्यांनी उद्यानाच्या आखणीसाठी स्वतःची वेगळी कंपनी काढली.

जागा शोधण्याचे काम स्टॅनफर्ड संशोधन संस्थेला दिले गेले. हॅरिसन प्राइस यांनी लोकसंख्येची वाढ, हवामान आणि नव्या महामार्गाची दिशा यांचा अभ्यास केला आणि ॲनाहाइमजवळच्या १६० एकर संत्राबागा सुचवल्या. १९५० च्या जनगणनेनुसार या गावाची वस्ती सुमारे साडेचौदा हजार होती.

सप्टेंबर १९५३ मध्ये डिस्नी यांनी चित्रकार हर्ब रायमन यांना बोलावून घेतले. शनिवार-रविवार जवळ बसून आपल्या मनातले उद्यान सांगितले आणि रायमन यांनी ते कागदावर उतरवले. ते चित्र घेऊन रॉय न्यू यॉर्कला गेले. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले, ४५ लाख डॉलरच्या कर्जाला हमी दिली आणि उद्यानात सुमारे एक तृतीयांश वाटा घेतला. बदल्यात डिस्नी यांनी तिला साप्ताहिक कार्यक्रम दिला. ऑक्टोबर १९५४ पासून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचे नावही ‘डिस्नेलँड’च होते. उद्यान उभे राहण्याआधीच ते घराघरांत पोहोचले. एबीसीचा वाटा डिस्नी बंधूंनी १९६० मध्ये परत विकत घेतला. ऑस्वाल्ड सशाचा धडा ते विसरले नव्हते.

मेन स्ट्रीट खरी की खोटी?

उद्यानात शिरताच ‘मेन स्ट्रीट’ हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा रस्ता लागतो. तो मार्सलीनच्या आठवणीवर बेतला आहे. पण आराखडा काढणारे हार्पर गॉफ कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावचे. त्यामुळे त्यांच्या गावच्या इमारतीही त्यात मिसळल्या. डिस्नेलँडचे नगरभवन तिथल्या जुन्या न्यायालयाच्या धर्तीवर आहे. म्हणजे आज ज्याची जुनी छायाचित्रे लोक पाहतात, तो रस्ताच दोन जुन्या गावांच्या आठवणींतून घडला होता.

यात युक्त्याही बऱ्याच आहेत. इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान केले आहेत. त्यामुळे त्या उंच वाटतात, तरी अंगावर येत नाहीत. सुमारे २३ मीटर उंचीच्या किल्ल्याचे दगडही वर जाताना लहान होत जातात. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे आत गेल्यावर बाहेरचे जग दिसत नाही. बांधावरून आगगाडी फिरते.

काही वस्तू मात्र खरोखरच जुन्या आहेत. रस्त्यावरचे गॅसचे दिवे बाल्टिमोर आणि फिलाडेल्फियातून मोडीच्या भावात आणले गेले. लाकडी घोड्यांचे चक्र कॅनडातल्या टोरांटोच्या एका उद्यानातले. इतर शहरे जे टाकून देत होती, ते डिस्नी वेचून आणत होते.

पहिल्या दिवशी काय घडले?

बांधकामाला मिळाले फक्त एक वर्ष. खर्च एक कोटी ७० लाख डॉलरवर गेला. १७ जुलै १९५५ चा रविवार खास निमंत्रितांसाठी होता. पण खोटी निमंत्रणपत्रे छापली गेली आणि सुमारे २८ हजार लोक आत आले. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की स्वच्छतागृहे, अशी निवड करावी लागली होती. डिस्नी यांनी स्वच्छतागृहे निवडली. नुकत्याच घातलेल्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. वायुगळतीमुळे एक भाग काही काळ बंद ठेवावा लागला. मार्क ट्वेन या बोटीवर इतकी माणसे चढली की डेकवर पाणी आले.

हे सगळे एबीसीवर थेट दाखवले जात होते. सूत्रसंचालन करणाऱ्यांत तेव्हाचे अभिनेते आणि नंतरचे अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी भरपूर टीका केली. लोक मात्र येत राहिले आणि सात आठवड्यांत दहा लाखांचा आकडा गाठला गेला. त्या दिवसाची छायाचित्रे आज पाहिली, तर त्यांत ना उकाडा जाणवतो ना तहान.

रंग इतकी वर्षे कसे टिकले?

मेन स्ट्रीटवर सुरुवातीपासून कोडॅक कंपनीचे दुकान होते. कोडॅकची कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली आणि पुढच्या वर्षी ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठीही मिळू लागली. युद्धानंतर मध्यमवर्गीय अमेरिकी घरांत मोटार आली, पगारी रजा आली आणि कॅमेराही आला. डिस्नेलँड नेमके याच वेळी सुरू झाले.

इतर बहुतेक रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी रसायने फिल्मच्या थरातच असतात आणि काळानुसार बिघडतात. म्हणून जुने रंगीत फोटो तांबूस पडतात. कोडाक्रोममध्ये ही रसायने फिल्म धुताना घातली जात. त्यामुळे अंधाऱ्या डब्यात ठेवलेल्या स्लाइडचे रंग अनेक दशके टिकले. गंमत अशी, की प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर त्या लवकर फिकट होतात. ज्या घरांनी स्लाइड वारंवार पाहिल्या, तिथे त्या विटल्या. माळ्यावर विसरलेल्या डब्यांतले आकाश मात्र निळे राहिले. कोडॅकने ही फिल्म २००९ मध्ये बंद केली.

छायाचित्राचे साल कसे ओळखतात?

स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर अनेकदा महिना आणि वर्षाचा शिक्का असतो. पण तो फिल्म धुतल्याचा असतो, काढल्याचा नव्हे. सुटीतला रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यातच राहणे नेहमीचे होते. म्हणून चित्रातल्या खुणा पाहाव्या लागतात. मागे मॅटरहॉर्न पर्वताची प्रतिकृती दिसली, तर छायाचित्र जून १९५९ नंतरचे. मोनोरेलही त्याच महिन्यातली. पाणबुड्या करड्या रंगाच्या असतील तर छायाचित्र जुने, कारण पुढे त्यांना पिवळा रंग दिला गेला. प्लास्टिकचे घर दिसले तर १९५७ ते १९६७ मधले. हौशी संग्राहक अशा खुणांवरून महिन्यापर्यंत पोहोचतात.

या चौकटीत काय येत नाही?

डिस्नी दिवसभर सिगारेट ओढत. मुलांनी ते पाहू नये म्हणून हातात सिगारेट असताना फोटो काढून घेणे ते टाळत. काही छायाचित्रांतून सिगारेट नंतर पुसूनही टाकली गेली. हसरे काका म्हणून जगाला दिसणारे डिस्नी स्टुडिओत मात्र कडक मालक होते.

उद्यानातही बरेच काही आज खटकणारे होते. ‘आंट जेमिमा’च्या नावाचे उपाहारगृह १९५५ ते १९७० पर्यंत चालले. गोऱ्यांच्या घरात हसतमुखाने राबणारी कृष्णवर्णीय बाई हे तिथले आकर्षण होते. ‘इंडियन व्हिलेज’मध्ये मूळ अमेरिकी जमातींची नृत्ये पर्यटकांसाठी रोज होत. ते १९७१ मध्ये बंद झाले. जंगल सफरीतल्या आदिवासींच्या विकृत प्रतिमा बदलण्याचा निर्णय व्हायला २०२१ उजाडले. सोनेरी दिवस सगळ्यांसाठी सारखे सोनेरी नव्हते, हे त्या छायाचित्रांच्या कडेला उभ्या असलेल्या चेहऱ्यांवरून कळते.

एक छायाचित्र तर निघालेच नाही. सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना डिस्नेलँड पाहायचे होते. सुरक्षेचे कारण देऊन त्यांना नकार मिळाला आणि ते उघडपणे चिडले. भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू यांना मात्र नोव्हेंबर १९६१ मध्ये स्वतः डिस्नी यांनी उद्यान फिरून दाखवले. त्या भेटीची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

मग जुने डिस्नेलँड मोडले कोणी?

याचे उत्तर अनेकांना धक्का देणारे आहे. मोडायला सुरुवात स्वतः डिस्नी यांनीच केली. पहिल्या वर्षीच आणलेली सर्कस काही आठवड्यांत गुंडाळली. घोडागाडीची सफर १९५९ मध्ये बंद केली. १९५६ मधली खाणगाडी चारच वर्षांत नव्याने बांधली. चित्रपट एकदा वितरकाच्या हाती गेला की त्यात बदल करता येत नाही, उद्यानात मात्र रोज करता येतो, याचे त्यांना अप्रूप होते. उद्यान कधीच पूर्ण होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

त्यासाठी ते स्वतः उद्यानात राहतही. मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांची छोटी खोली होती. पाहुणे येण्याआधी ते रस्त्यावरून फेरी मारत. नंतर रांगांत उभे राहून लोक काय पाहतात, कुठे थकतात, हे टिपत.

बालपणाचे चार-पाच वर्षांचे गाव जसेच्या तसे धरून ठेवणारा हा माणूस आपल्या उद्यानाला मात्र थांबू देत नव्हता. म्हणूनच १९५५ चे, १९५९ चे किंवा १९६३ चे डिस्नेलँड प्रत्यक्षात कुठेही सापडत नाही. ते उरले ते पाहुण्यांनी काढलेल्या स्लाइडमध्ये. मार्सलीनच्या बाबतीत डिस्नी यांची जी स्थिती होती, तीच आता त्यांच्या उद्यानाच्या बाबतीत लोकांची झाली आहे.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९५६ मध्ये वॉल्ट आणि रॉय मार्सलीनला गेले आणि त्यांच्या नावाच्या उद्यानाच्या कार्यक्रमाला हजर राहिले. १९६० मध्ये तिथल्या शाळेलाही डिस्नी यांचे नाव दिले गेले. १९६६ मध्ये डिस्नेलँडमधली लहान मुलांच्या मोटारींची एक राइड त्यांनी या गावाला भेट दिली. ज्या गावावरून उद्यान घडले, त्या गावात उद्यानाचा एक तुकडा परतला.

जुलै १९६६ मध्ये त्यांनी डिस्नेलँडच्या ‘न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर’ या नव्या भागाचे उद्‌घाटन केले. नोव्हेंबरमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान आणि शस्त्रक्रिया झाली. १५ डिसेंबर १९६६ रोजी स्टुडिओसमोरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दहाच दिवसांपूर्वी त्यांना ६५ वर्षे पूर्ण झाली होती. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही त्यांच्या देखरेखीखाली आखलेली सफर मार्च १९६७ मध्ये सुरू झाली. ती त्यांना पाहता आली नाही. फ्लोरिडातल्या दुसऱ्या उद्यानासाठी रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झाले. आपल्या भावाचे पूर्ण नाव त्यात यावे म्हणून रॉय यांनी ते ‘वॉल्ट डिस्नी वर्ल्ड’ केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉयही गेले.

आज काय उरले आहे?

डिस्नेलँडला ७० वर्षे झाली तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, मेन स्ट्रीटवरच्या सभागृहात हालचाल करणारा, बोलणारा यांत्रिक वॉल्ट डिस्नी बसवण्यात आला. त्यांच्या एका नातीने याला जाहीर विरोध केला. यंत्राने आजोबांचा चेहरा आणता येईल, माणूस आणता येणार नाही, असा तिचा आक्षेप होता. कंपनीच्या मते नव्या पिढीला डिस्नी कळावेत यासाठी हे गरजेचे होते. हा वाद लवकर मिटेल असे दिसत नाही.

जुन्या स्लाइडमध्ये असा दावा नसतो. कोणी तरी आपल्या मुलाचा फोटो काढत असतो. मागे गर्दीत, साध्या टोपीत, एक माणूस रस्त्यावरचा कचरा उचलायला वाकलेला असतो किंवा आगगाडीच्या इंजिनात बसलेला असतो. फोटो काढणाऱ्याला कधी तो ओळखू येतो, कधी येत नाही. अग्निशमन केंद्रावरच्या खोलीच्या खिडकीत त्यांच्या आठवणीसाठी एक दिवा आजही लावलेला असतो. मेन स्ट्रीटवरून जाताना मान थोडी वर केली की तो दिसतो.